देवळाबाहेरचे दोघे

टीव्हीवर माझा राग आहे, आणि तो जुना आहे. घरात टीव्ही आहे, नातवंडं बघतात, मीही बातम्या बघते. पण पडद्यावर गळ्यात क्रूस घातलेलं माणूस आलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. सुनेला वाटतं, सासूबाईंना धर्माची चेष्टा सोसत नाही. तसं काही नाही. चेष्टा आमच्या अंगवळणी पडली आहे. मला तिथं बसवत नाही त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी सुनेला कधी सांगितलेलं नाही.

आमचं घर लोणावळ्यात, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, रेल्वेत फिटर होते. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. पण त्यामुळे आमची भाकरी बदलली नाही की लुगडी बदलली नाहीत. आई नऊवारी नेसायची. कपाळ मोकळं, गळ्यात काळी पोत आणि पोतीत सोन्याचा इवलासा क्रूस. अण्णा रविवारी पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट आणि डोक्याला फेटा अशा थाटात निघायचे. चर्चला आम्ही देऊळ म्हणायचो, आजही म्हणतो. देऊळ दगडी होतं, गोऱ्या साहेबांच्या वेळचं, पण आत सगळा आमचा कारभार होता. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, एका अंगाला पुरुष आणि एका अंगाला बायका. मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत. पुढे पेटी, मृदंग आणि टाळ. येशूच्या जन्माची गाणीसुद्धा आम्ही अभंगाच्या चालीवर म्हणायचो, आणि ती तशीच म्हणायची असतात अशी माझी बालपणी खात्री होती.

पेटी अण्णा वाजवायचे. मृदंग वाजवायचे जवळच्या औंढे गावचे आबा. हे आबा आमच्यातले नव्हते. गळ्यात तुळशीची माळ, गावात चांगली भातशेती, मान मोठा. त्यांच्या गावच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की रेल्वेतले एक मिस्त्री पेटी दुरुस्त करतात. अण्णा औंढ्याला गेले, भाता नीट केला आणि वाजते का बघू म्हणून जी वाजवायला बसले ते दोन तास उठलेच नाहीत. आबा मृदंगावर होते. त्या दिवसापासून आबांनी त्यांना मिस्त्री म्हटलं आणि दोघांचं जे जमलं ते जमलं. मी तेव्हा पाळण्यात होते म्हणे.

पुढे रीतच पडली. औंढ्याच्या सप्ताहात पेटीला अण्णा, आणि नाताळला आमच्या देवळात मृदंगाला आबा. यात एक गोष्ट होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. औंढ्याला आरतीची वेळ झाली की अण्णा पेटी बंद करून शांतपणे बाहेर जायचे आणि पिंपळाच्या पारावर बसायचे. आरती झाली की परत आत. आमच्याकडे प्रभुभोजनाची वेळ आली, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याची, की आबा मृदंग आडवा ठेवून बाहेर जायचे आणि जांभळीखाली तंबाखू मळत बसायचे. त्यांना कुणी जा म्हणत नसे आणि आत या असंही म्हणत नसे. पाच-दहा मिनिटांचं ते बाहेर जाणं दोघांनी आपापसात कधी ठरवलं, ठाऊक नाही. बहुतेक ठरवलंच नसेल. पण त्या पाच-दहा मिनिटांच्या जोरावर त्यांची वीस वर्षं बिनबोभाट गेली, हे मला आता कळतं.

मग आमच्या गल्लीत टीव्ही आला. बांगलादेशच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी असेल. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानदार राहायचे, त्यांनी घेतला. घरावर हा एवढा उंच अँटेना, तो वाऱ्यानं फिरला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा असायचा. सगळी गल्ली त्यांच्या पुढच्या खोलीत, आम्हीही. दुकानदारकाकू मनाच्या मोकळ्या, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत.

तिथं मी पहिल्यांदा ख्रिस्ती माणसं पाहिली. म्हणजे सिनेमातली. पुरुष असेल तर हातात बाटली, डोक्यावर टेकलेली हॅट, मोडकंतोडकं हिंदी. बाई असेल तर तोकडा झगा आणि कुणा गुंडाच्या मांडीवर बसलेली, नाहीतर जाडजूड, चाळीत चोरून दारू विकणारी. या सगळ्यातून एखादा चांगला निघाला तर तो एकदम पांढऱ्या झग्यातला पाद्री. डोळ्यांत पाणी, हात सदा वर, आणि हिंदू नायकाला सिनेमाच्या शेवटी आशीर्वाद देऊन मरणारा. दारुडे नाहीतर संत. रेशनच्या रांगेत उभा राहणारा, पगाराच्या दिवशी भजी आणणारा, बायकोशी मिठावरून भांडणारा ख्रिस्ती मला त्या पडद्यावर आजपर्यंत भेटलेला नाही.

लोक आम्हाला वर्षानुवर्षं ओळखत होते. पण टीव्हीत बघितलेलं जास्त खरं वाटतं की काय कोण जाणे. एक दिवस काकू मेणबत्त्यांचं पाकीट घेऊन आईकडे आल्या. त्यांच्या मुलाची परीक्षा होती. ‘तुमच्या देवीपुढे लावा हो, त्या सिनेमात लावतात तशा,’ म्हणाल्या. आईनं समजावलं, आमच्या देवळात देवी नाही, मूर्ती नाही, मी तुमच्या मुलासाठी प्रार्थना करीन. काकूंना वाटलं, आई विनय करते आहे. पाकीट ठेवून गेल्या. वीज गेली की आम्ही त्या मेणबत्त्या लावायचो आणि अण्णा म्हणायचे, ‘पोरगं पास झालं पाहिजे बरं का, आपण त्याचा उजेड वापरतोय.’ तोवर सगळं हसण्यावारी होतं.

मग दुकानदारांचे मेहुणे पुण्याहून आले. थंड हवा खायला म्हणून लोणावळ्यात येणारे असतात तसे. संध्याकाळी थेट आमच्या दारात. अण्णा पायरीवर बसून पेटीच्या पट्ट्या पुसत होते, आई तांदूळ निवडत होती. हे गृहस्थ माझ्या आईला, जिनं आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवलं त्या बाईला, डोळा बारीक करून म्हणाले, ‘मावशी, एखादी बाटली मिळेल का? दाराला क्रूस बघितला म्हणून आलो.’ आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती सूप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, ‘इथं मिळत नाही.’ काकूंनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, अगदी मनापासून मागितली. पण आई पुन्हा त्यांच्याकडे सिनेमाला गेली नाही.

म्हणून त्या वर्षी नाताळाच्या तीन आठवडे आधी आमचे पाळक, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, सांगत आले, की मुंबईहून टीव्हीसाठी कार्यक्रम करणारी एक मंडळी येते आहे, त्यांना मावळातला नाताळ दाखवायचा आहे, तेव्हा अण्णांचा चेहरा मी कधी नव्हे इतका उजळलेला पाहिला. ‘बघू दे एकदा लोकांना आपण कसे असतो ते,’ म्हणाले. त्यांनी फेटा धुऊन खळ लावून घेतला. दुकानदारांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, म्हणजे त्यांच्याच टीव्हीवर बघायला त्यांनाच आमंत्रण. औंढ्याला जाऊन आबांना सांगून आले. आबा म्हणाले, ‘मिरदुंगाला नवी शाई लावून घितो. लय लांबवर आवाज जायाचा न्हवं!’

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गळा बरा होता. आरशासमोर चार वेळा वेणी घातली होती, हे कबूल करते.

ती मंडळी पुढच्याच आठवड्यात एका सकाळी आली. दोघे महत्त्वाचे होते. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. गॉगलवाला मुख्य. त्यानं देऊळ बाहेरून बघितलं आणि खूश झाला. आत आला आणि तोंड वाकडं केलं. सतरंज्या गुंडाळायला लावल्या. जवळच्या शाळेतून बाकं आणवली. कुठून तरी मोठाल्या मेणबत्त्या निघाल्या. मग तो बायकांकडे वळून म्हणाला, ‘साड्या नकोत. लोकांना वाटेल भजनी मंडळ आहे.’

अहो, आम्ही भजनी मंडळच होतो.

त्यांच्याकडे एक ट्रंक होती. त्यात झगे होते, लेस लावलेले, कुठल्या तरी नाटकाचे असावेत. म्हाताऱ्या बायका घरी गेल्या. आई पदर सावरत त्यांच्यातच निघाली. जाताना माझ्याकडे बघून थांबली, मी बघितलं नाही असं दाखवलं. मी निळा झगा उचलला. दंडाला घट्ट होत होता.

तिकडे वहीवाला अण्णांशी बोलत होता. ‘आजोबा, पेटी नको, आपल्याकडे गिटार आहे. आणि फेटा काढा. चर्चमध्ये डोक्यावर काही ठेवत नाहीत ना?’

अण्णा म्हणाले, ‘साहेब लोक ठेवत नाहीत. आमच्यात बोडक्या डोक्यानं देवापुढं जात नाहीत.’

‘पण बघणाऱ्यांना ते पटणार नाही हो.’

अण्णांनी पाळकांकडे बघितलं. पाळक खिडकीबाहेर बघत होते. अण्णांनी पेटीला झाकण लावलं आणि ते बाहेर गेले. मृदंगाचं तर नावही कुणी काढलं नाही. आबा आपणहून उठले आणि त्यांच्या मागे गेले. इतकी वर्षं आळीपाळीनं बाहेर बसणारी ती दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र जांभळीखाली बसली. अण्णा तर आपल्याच देवळाबाहेर. खिडकीतून मला दिसत होतं, आबा तंबाखू मळत होते आणि अण्णा आमचं गाणं ऐकत होते. आम्ही इंग्रजी गाणं म्हणत होतो. आमच्यातल्या तिघींना ते धड येतही नव्हतं, पण ओठ हलले की पुरे असं आम्हाला सांगितलं होतं.

गाणं झाल्यावर गॉगलवाला बाहेर आला. जांभळीखालचे दोन म्हातारे त्याला दिसले. त्यानं यांना आधी पाहिलंच नव्हतं, ते सगळं वहीवाल्यानं निस्तरलं होतं. तो एकदम खुलला. ‘हे गावकरी आहेत ना? वा! काय चेहरे आहेत!’ मग मला म्हणाला, ‘ए निळ्या झग्यातली, हा केक घे. त्या दोघांना नेऊन दे. प्रेमानं दे हां.’ केक बेकरीतला होता. आईनं केलेल्या करंज्या आत डब्यातच राहिल्या.

आता इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. हे माझे वडील आहेत. चार शब्द. वहीवाला दूर होता, पाळक आत होते, दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. मी बोलले असते तर त्यानं कदाचित मलाही बाजूला केलं असतं आणि दुसऱ्या मुलीच्या हातात बशी दिली असती. मला वाटलं, वडिलांना केक द्यायचा आहे, त्यात काय एवढं? असं वाटलं हे खोटं नाही. पण बाजूला व्हायचं नव्हतं हे जास्त खरं.

मी बशी घेऊन गेले. गॉगलवाला मागून ओरडला, ‘बाबा, दोन्ही हातांनी घ्या! दोन्ही हात पुढे!’ अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे केले. आबांनीही केले, हसत, त्यांना ती गंमत वाटली. ‘पोरी, लय म्हागाचा दिसतुया,’ म्हणाले. पहिल्या वेळी ऊन आडवं आलं, म्हणून ते सगळं आम्ही पुन्हा केलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रम होता. दुकानदारांची खोली गच्च भरली होती. आबा औंढ्याहून चालत आले होते, सोबत त्यांचा थोरला मुलगा. अण्णा आणि आबांना पुढे खुर्च्या दिल्या होत्या. आईसुद्धा आली होती, दाराशी उभी राहिली. अण्णांनी तोच खळ लावलेला फेटा बांधला होता. त्यांना वाटत होतं, बाहेरचा का होईना, आपला फोटो आला आहे. मला तसं वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आधी देऊळ दिसलं. मग मेणबत्त्या. मग आम्ही, ओठ हलवताना. खोलीत कुजबुज झाली, ‘ती बघा, ती बघा!’ आणि मग जांभळीचं झाड आणि त्याखाली दोन म्हातारे. मी बशी घेऊन चालत येते. दोघांचे हात पुढे होतात, जवळून, अगदी हातच दिसतात. आणि मागून एका बाईचा गोड आवाज म्हणाला की या मंगल दिवशी ख्रिस्ती बांधव आपल्या दाराशी आशेनं आलेल्या, परधर्मातल्या गोरगरिबांनाही विसरत नाहीत.

मग दुकानदार हसले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ‘मिस्त्री, तुम्ही तर परधर्मातले झालात की हो!’ काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘किती गोड दिसतेस गं. आता खरी ख्रिश्चन दिसतेस.’

आबांच्या मुलाची मान खाली होती. आबा उठले. ‘येतो मिस्त्री, गुरं बांधायची हायेत.’ अण्णा नेहमीप्रमाणे त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत सोडायला उठले, तर आबा म्हणाले, ‘नगा येऊ.’ अण्णा पुन्हा खुर्चीवर बसले. कार्यक्रम संपला तरी बसूनच होते. शेवटी आईनं आत येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी नाताळाची उपासना मृदंगाविना झाली. आबा आले नाहीत.

ते आले थेट सप्ताहाच्या आधी. पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, ‘मिस्त्री, पोरांनी औंदा पेटीला तळेगावचा माणूस सांगितलाय.’

‘तुम्ही काय म्हणता?’ अण्णांनी विचारलं.

‘मी काय म्हननार? लोक इचारत्यात, आबा, केकापायी जाता व्हय तितं? घरी भात पिकत न्हाई का? हितं बाजारात बी त्येच, गावात बी त्येच. सुना बी हसत्यात. ह्या वयात न्हाई सोसत मला, मिस्त्री.’

‘बरोबर आहे,’ अण्णा म्हणाले.

मी आत चहा करत होते. बाहेर येऊन म्हणावंसं वाटलं, आबा, चूक माझी आहे, मला मारा. पण मी चहाच घेऊन आले. आबांनी माझ्या हातची कपबशी घेतली नाही. रागानं नाही. ‘आत्ताच घिऊन आलुया पोरी,’ म्हणाले. औंढ्याहून उन्हात चालत आलेला माणूस. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. रस्त्यात भेटले तर अण्णा नमस्कार करायचे, तेही करायचे. पुढच्या नाताळात तरुण मुलांनी देवळात गिटार आणली. टीव्हीत छान दिसली होती ना. पेटी फडक्यात गुंडाळून आमच्या माळ्यावर गेली.

अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी थट्टा सुरू केली. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी मी त्यांना ताट द्यायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तसेच, आणि म्हणाले, ‘दे बाई, गरिबाला.’ आई हसली, मीही हसले. वाटलं, बरं झालं, राग गेला. पण दुसऱ्या दिवशीही हात पुढे. महिन्यानं पुढे. चहा देताना, औषध देताना, पेपर देतानासुद्धा. शब्द गळाले, हसू गळालं, हात तेवढे राहिले. मुद्दाम करायचे की सवय झाली होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

म्हणून मी त्यांना हातात काही द्यायचं बंद केलं. ताट पाटासमोर ठेवायचं, कप पायरीवर ठेवायचा आणि मागे वळायचं. लग्न झालं, माहेरपणाला आले तरी तसंच. कुणाच्या लक्षात आलं नाही, आमच्या दोघांशिवाय.

शेवटच्या आजारात ते खाटेवर होते. दुपारची वेळ होती, त्यांनी पाणी मागितलं. मी पेला भरून आणला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते, एका हातानं पेला धरवत नव्हता, एवढंच. हे मला दिसत होतं. तरी माझा हात गेला तो स्टुलाकडे, आणि मी पेला स्टुलावर ठेवला. ते थोडा वेळ हात तसेच धरून होते. मग आई उठली आणि तिनं पेला उचलून त्यांच्या तोंडाला लावला.